हायोफिला

हायोफिला : हरितांच्या, म्हणजे मॉस या नावाने परिचित असलेल्या वनस्पतींच्या, एका वंशाचे शास्त्रीय नाव. याचा समावेश पॉटिएसी कुलात करतात. ‘पाऊस’ व ‘प्रिय’ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांवरून हे नाव बनविले असून ते या वनस्पतींच्या जीवनक्रमाला साजेसे आहे. पाऊस सुरू होताच त्या काही क्षणांत हिरव्या होतात आणि उघडीप पडली की तितक्याच लवकर आक्रसून काळपट दिसू लागतात. उष्ण व उपोष्ण कटिबंधांत या वंशाचा प्रसार मोठा आहे. भारतात सर्वांत सामान्य जाती हायोफिला इन्व्होल्यूटा ही असून कोकण, सह्याद्री व दख्खन पठार येथे जुन्या भिंती, विहिरींचे कठडे, पुलांचे दगडी खांब, गटारांच्या कडा आणि ओलसर खडक यांवर ती विपुल आढळते. आकाराने क्षुद्र असूनही वर्गीकरणाच्या इतिहासात या वंशाला महत्त्व आहे. कारण एखाद्या अवयवाच्या केवळ अभावावरून नाते ठरविल्यास कशी दिशाभूल होते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

मराठी बोलीत ‘शेवाळ’ हा शब्द फार सैल अर्थाने वापरला जातो. पावसाळ्यात पायरीवरून पाय घसरविणारा हिरवा किंवा निळसर काळा बुळबुळीत थर बहुधा शैवलांचा किंवा नील-हरित सूक्ष्मजीवांचा असतो. त्याला खोड, पाने असे अवयव नसतात. त्याच भिंतीवर मखमलीसारखा, हाताला मऊ व किंचित खरखरीत लागणारा जो हिरवा गालिचा दिसतो, तो हरितांचा होय. त्याचा चिमूटभर भाग भिंगाखाली पाहिल्यास शेकडो स्वतंत्र रोपटी दाटीने उभी असल्याचे दिसते. प्रत्येकाला सरळ खोड, सर्पिल मांडणीची पाने आणि तळाशी तपकिरी तंतूंचा झुबका असतो. प्रस्तुत वंश या दुसऱ्या प्रकारातील आहे.

शारीरिक लक्षणे : हायोफिला इन्व्होल्यूटा ही जाती नमुना म्हणून घेतल्यास वंशाची बहुतेक लक्षणे स्पष्ट होतात. रोपटी ताठ, सु. ०·५–१·५ सेंमी. उंच, गर्द हिरवी ते तपकिरी हिरवी असून दाट पुंजक्यांनी वाढतात. खोडाच्या आडव्या छेदात मध्यभागी लहान, पातळ भित्तीच्या पेशींचा एक बारीक पट्ट दिसतो. खरी मुळे नसतात. त्यांऐवजी मूलकल्प नावाचे शाखायुक्त तंतू आधाराला धरून ठेवतात. पाणी व लवणे यांचे शोषण मात्र मुख्यतः सर्वांगानेच होते.

पाने सु. १·५–३ मिमी. लांब, जिभेसारखी किंवा किंचित चमच्याच्या आकाराची असतात. टोक बोथट किंवा अत्यंत आखूड अणकुचीदार असून त्याच्या जवळच्या किनारीवर स्पष्ट दाते असतात. मध्यशीर जाड असून टोकापर्यंत पोहोचते. तिच्या आडव्या छेदात मोठ्या पेशींची एक ओळ व तिच्या वर आणि खाली जाड भित्तीच्या पेशींचे एकेक बळकट पट्ट आढळतात. पात्याचा उर्वरित भाग एकाच पेशीच्या जाडीचा असतो. वरच्या भागातील पेशी लहान, गोलसर चौकोनी व हरितकणूंनी भरलेल्या असतात. तळाकडील पेशी लांबट आयताकृती व जवळजवळ रंगहीन असतात. वरच्या पेशींचा वरचा पृष्ठभाग घुमटासारखा फुगीर, तर खालचा जवळजवळ सपाट असतो. हे लक्षण वंशाच्या ओळखीत अतिशय महत्त्वाचे मानले जाते.

कोरड्या हवेत पानांच्या दोन्ही कडा आतल्या बाजूस गुंडाळल्या जातात आणि संपूर्ण पान नळीसारखे होऊन खोडाकडे वळते. जातिवाचक लॅटिन नावाचा अर्थही ‘आत गुंडाळलेली’ असाच आहे. पाण्याचा थेंब पडताच पाने काही सेकंदांत उलगडून ताऱ्यासारखी पसरतात. वाळलेल्या रोपट्यावर पाणी टाकून ही हालचाल नुसत्या डोळ्यांनीही पाहता येते; शाळेच्या प्रयोगशाळेत दाखविण्यास ती उत्तम आहे. गुंडाळलेल्या अवस्थेत पानाचा हिरवा पृष्ठभाग झाकला जाऊन प्रखर उन्हापासून त्याचे रक्षण होते. उच्च वनस्पती पाणी साठवून किंवा बाष्पोच्छ्वास रोखून कोरडेपणा टाळतात. ही हरिता तो टाळीत नाही, तर सोसते. पेशींतील बहुतेक पाणी गेले, तरी त्या मरत नाहीत. चयापचय जवळजवळ थांबतो आणि पाणी मिळताच श्वसन व प्रकाशसंश्लेषण पुन्हा सुरू होतात. कोकणात वर्षातील सात-आठ महिने पाऊस नसतो. एवढा काळ ही वनस्पती भिंतीवर काळ्या खपलीच्या रूपात टिकून राहते, ती या गुणामुळेच.

प्रजोत्पादन : इतर हरितांप्रमाणे या वंशाच्या जीवनचक्रात दोन पिढ्या एकाआड एक येतात. वर वर्णन केलेले हिरवे रोपटे ही गंतुकधारी पिढी असून तिच्या पेशींत गुणसूत्रांचा एकच संच असतो. नर व मादी रोपटी स्वतंत्र असतात. नर रोपट्याच्या शेंड्यावरील रेतुकाशयांतून बाहेर पडलेली रेतुके पाण्याच्या पातळ थरातून पोहत मादी रोपट्याच्या अंदुककलशापर्यंत जातात. हे अंतर फार मोठे असून चालत नाही. त्यामुळे एखाद्या भिंतीवर केवळ एकाच लिंगाची रोपटी असल्यास तेथे वर्षानुवर्षे फलन होत नाही.

फलनानंतर रंदुकापासून बीजुकधारी पिढी वाढते. ती मादी रोपट्यावरच जन्मभर राहते व पोषणासाठी बऱ्याच अंशी तिच्यावर अवलंबून असते. तिचा दांडा सु. ५–१२ मिमी. लांब, सरळ, पिवळसर ते लालसर तपकिरी असून त्याच्या टोकावर उभे, अरुंद दंडगोलाकृती बीजुकाशय असते. त्यावर प्रथम एका बाजूस फाटलेली टोपी असते. ती गळून पडल्यावर चोचीसारखे लांब टोक असलेले झाकण दिसते. झाकण व बीजुकाशय यांच्या सांध्यावर फुगीर पेशींचे वलय असते. झाकण निघाले की तोंड पूर्ण उघडे राहते. बहुसंख्य हरितांत या तोंडाभोवती दातांची एक किंवा दोन वर्तुळे असतात. त्यांना परिमुख म्हणतात. हवेतील आर्द्रतेनुसार हे दात आत-बाहेर वळून बीजुकांचे विसर्जन नियंत्रित करतात. हायोफिलात परिमुखाचा पूर्ण अभाव असतो. सु. ०·०१ मिमी. व्यासाची बीजुके वाऱ्याने पसरतात. योग्य ओलावा मिळाल्यास त्यांपासून प्रथम हिरवे तंतुजाल तयार होते. त्याला आद्यतंतू म्हणतात. आद्यतंतूवर येणाऱ्या कळ्यांपासून नवीन रोपटी निर्माण होतात. या कळ्या कोणत्या परिस्थितीत निर्माण होतात, यासंबंधी दिल्ली विद्यापीठात आर. एन. चोप्रा व त्यांचे सहकारी यांनी हायोफिला इन्व्होल्यूटावर केलेले प्रयोग १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले.

प्रत्यक्षात या जातीचा प्रसार बीजुकांपेक्षा शाकीय पद्धतीनेच अधिक होतो. पानांच्या बगलेत आखूड देठांवर हिरवट तपकिरी, बहुपेशीय मुकुलिका झुपक्यांनी येतात. त्यांच्या कडेच्या पेशी पुढे आलेल्या असल्याने त्या ताराकृती दिसतात. पावसाच्या थेंबांच्या माऱ्याने त्या सुट्या होतात, भिंतीवरून वाहणाऱ्या पाण्याबरोबर खाली जातात आणि खाचेत किंवा दरजेत अडकून रुजतात. भिंतीवरील हिरवे पट्टे पाण्याच्या ओघळांच्या मार्गाने उभे पसरलेले दिसतात, ते ओघळांतील ओलाव्यामुळे आणि या मुकुलिकांमुळे. प्रत्येक मुकुलिकेपासून मूळ रोपट्याशी आनुवंशिक दृष्ट्या एकरूप असे नवे रोपटे तयार होते.

वर्गीकरणाचा इतिहास : हरितांच्या नामकरणाचा आरंभ योहान हेडविख यांच्या १८०१ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झालेल्या ग्रंथापासून मानतात. हेडविख यांनी परिमुखाच्या दातांची संख्या व रचना यांवर वंशांची विभागणी बसविली. सूक्ष्मदर्शकाखाली सहज मोजता येणारे हे लक्षण होते आणि त्यावर आधारलेली पद्धत फार उपयुक्त ठरली. तथापि ज्यांना परिमुखच नाही, त्यांचे काय करावयाचे, हा प्रश्न शिल्लक राहिला. अशा अनेक हरिता जिम्नोस्टोमम, म्हणजे ‘उघड्या तोंडाची’, या एका वंशात एकत्र करण्यात आल्या. नेपाळातून आलेल्या नमुन्यांवरून विल्यम जॅक्सन हूकर यांनी १८१९ मध्ये प्रस्तुत जातीचे वर्णन केले, तेही जिम्नोस्टोमम इन्व्होल्यूटम या नावाने.

सॅम्युएल ब्रिडेल यांनी १८२७ मध्ये हायोफिला हा वंश स्थापिला. पुढे १८७३ मध्ये आउगुस्ट येगर यांनी हूकर यांची जाती या वंशात आणली आणि तिला आजचे नाव मिळाले. ही केवळ नावांची अदलाबदल नव्हती. पानाच्या पेशी, मध्यशिरेचा छेद, पान सुकण्याची तऱ्हा ही लक्षणे एकत्र पाहिली असता जिम्नोस्टोममातील जाती एकमेकींच्या जवळच्या नसून वेगवेगळ्या गटांतील आहेत, असे दिसून आले. परिमुखाचा लोप हरितांच्या उत्क्रांतीत अनेकदा व स्वतंत्रपणे झालेला आहे. उघड्या भिंती, खडक, तात्पुरती ओल असलेली जमीन अशा ठिकाणी वाढणाऱ्या जातींत तो विशेष आढळतो. म्हणून दोन वनस्पतींत परिमुख नाही, एवढ्यावरून त्यांचे नाते सिद्ध होत नाही.

याची आणखी दोन उदाहरणे बोधप्रद आहेत. फ्युनेरिया या परिचित वंशात दुहेरी परिमुख असते, तर फिस्कोमिट्रियम वंशात ते नसते. तरीही फ्रिट्झ फोन वेटश्टाइन यांनी १९२० नंतरच्या दशकात या दोहोंचा संकर घडवून त्यांची जवळीक दाखविली. दुसरे उदाहरण खुद्द हायोफिलाच्या कुलातील आहे. या कुलाला ज्या पॉटिया वंशावरून नाव मिळाले, त्याच्या अनेक जातींत परिमुख नसते किंवा अपुरे असते. रिचर्ड झँडर यांनी १९९३ मध्ये पॉटिएसी कुलातील वंशांचा आढावा घेतला, तेव्हा पॉटियाच्या जाती त्यांनी परिमुखयुक्त टॉर्टुला वंशात समाविष्ट केल्या. अशा रीतीने मूळ वंश नाहीसा झाला. कुलाचे नाव मात्र नियमानुसार तेच राहिले.

आजच्या वर्गीकरणात हायोफिलाचे स्थान पुढीलप्रमाणे आहे : विभाग–ब्रायोफायटा, वर्ग–ब्रायोप्सिडा, उपवर्ग–डायक्रॅनिडी, गण–पॉटिएलीझ, कुल–पॉटिएसी. सु. १,४०० जाती असलेले हे कुल हरितांतील सर्वांत मोठ्या कुलांपैकी असून कोरड्या, उघड्या, कठीण परिस्थितीत राहणाऱ्या जातींचे त्यात प्राबल्य आहे. न्यूक्लिइक अम्लांच्या तुलनेवर आधारलेल्या अभ्यासामुळे कुलातील काही वंशांच्या सीमा बदलल्या आहेत. हायोफिलातही पूर्वी स्वतंत्र मानलेल्या अनेक जाती आता हायोफिला इन्व्होल्यूटाच्याच समानार्थी ठरविल्या आहेत, उदा., जुन्या ग्रंथांतील हायोफिला टॉर्टुला. ओलावा, ऊन व आधार यांनुसार रोपट्याची उंची, पानाची रुंदी व किनारीचे दाते बदलत असल्याने एकाच जातीला ठिकठिकाणी निरनिराळी नावे मिळाली होती. हायोफिला स्पॅथ्युलॅटा ही भारतात नोंदलेली आणखी एक जाती होय.

सदृश वंशांपासून वेगळेपणा : एकाच भिंतीवर दिसण्यात सारख्या अशा अनेक हरिता शेजारी शेजारी वाढतात. बार्बुला व तिचे निकटवर्ती वंश यांची पाने बहुधा अधिक अरुंद असतात, पेशींच्या दोन्ही पृष्ठभागांवर सूक्ष्म गुटिका असतात आणि परिमुख असल्यास त्याचे धाग्यांसारखे दात पिळलेले असतात. वाइसिया वंशात पाने अरुंद असून पेशी गुटिकामय असतात. ब्रायमच्या पानांतील पेशी मोठ्या, पातळ, लांबट षट्‌कोनी असून बीजुकाशय लोंबते. चंदेरी दिसणारी ब्रायम अर्जेंटियम तर नुसत्या डोळ्यांनीही ओळखू येते. फिसिडेन्सची पाने दोन ओळींत, पिसाप्रमाणे मांडलेली असतात. जिभेच्या आकाराची व सुकताना नळी होणारी पाने, एकाच बाजूस फुगीर पेशी, ताराकृती मुकुलिका आणि परिमुखाचा अभाव ही चार लक्षणे एकत्र आढळली, तर नमुना हायोफिलाचा समजावा. यांपैकी एकावरून निर्णय करू नये.

प्रसार व वसतिस्थान : आशिया, आफ्रिका व अमेरिका या खंडांच्या उष्ण भागांत आणि पॅसिफिक महासागरातील बेटांवर हायोफिला इन्व्होल्यूटा आढळते. मध्य यूरोपात व उत्तर अमेरिकेत मोठ्या सरोवरांच्या आणि नद्यांच्या काठच्या चुनखडी खडकांवरही ती तुरळकपणे सापडते. तेथे बीजुकधारी पिढी क्वचितच दिसते. सर्वत्र तिचा कल चुना असलेल्या आधाराकडे आहे.

महाराष्ट्रात या आवडीचा परिणाम लक्षणीय आहे. राज्याचा फार मोठा भाग बेसॉल्ट या काळ्या पाषाणाचा आहे. त्यात कॅल्शियम असले, तरी ते सिलिकेट खनिजांत बद्ध असते. उघडे चुनखडी खडक थोडे आहेत. ओल्या बेसॉल्टवर व मातीवर ही हरिता वाढते खरी, परंतु तिला हवा तसा विस्तृत आधार माणसाने निर्माण केला. चुन्याचे दर्जे भरलेल्या दगडी भिंती, विटांवरील गिलावा आणि पुढे सिमेंट काँक्रीट या सर्वांतून कॅल्शियम कार्बोनेटचा पुरवठा होतो.

मुंबईच्या पूर्व उपनगरांतील कांजूरमार्गची भूरचना हे समजून घेण्यास सोयीची आहे. पूर्वेस ठाण्याची खाडी, खारफुटी व मिठागरांची जमीन. मधून उत्तर-दक्षिण गेलेला मध्य रेल्वेचा मार्ग. त्याच्या पश्चिमेस लाल बहादूर शास्त्री मार्ग, म्हणजे पूर्वीचा आग्रा रस्ता. आणि त्यापलीकडे पवईच्या बाजूच्या बेसॉल्टच्या टेकड्या. खाडीकडील खारट चिखल हरितांना मानवत नाही, कारण त्यांच्या नाजूक पानांना लवणांपासून संरक्षण नसते. टेकड्यांवर झाडांची साल, माती व दरडी यांवर निरनिराळे वंश वाढतात. या दोहोंमधल्या वस्तीच्या पट्ट्यात, कुंपणाच्या भिंती, गटारांचे काठ, जुन्या चाळींचे व गोदामांचे गिलावे, पुलांचे खांब हेच हायोफिलासारख्या भिंतीवरील हरितांचे क्षेत्र होय. जून ते सप्टेंबर या काळात मुंबईच्या उपनगरांत सरासरी २,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो. त्या चार महिन्यांत वाढ होते. पावसाळ्याच्या उत्तरार्धात व त्यानंतर बीजुकाशये दिसू लागतात आणि हिवाळ्याअखेर पुंजके सुकून जातात.

हे वसतिस्थान माणसाने दिलेले असल्याने माणसाच्या बांधकामाबरोबरच ते बदलते. सच्छिद्र, ओल धरणारा चुन्याचा गिलावा जाऊन त्या जागी जलरोधक रंग, गुळगुळीत फरश्या, काच व धातूचे पत्रे आले, की मुकुलिकांना अडकण्यास खाच आणि रुजण्यास ओल मिळत नाही. हायोफिला इन्व्होल्यूटा ही जाती यामुळे नष्ट होण्याचा संभव नाही. परंतु जुन्या भिंतीवर तिच्यासोबत वाढणाऱ्या, अधिक मंद वाढीच्या जातींबाबत तसे म्हणता येत नाही.

महत्त्व : भिंतीवरील हरितांचे मूलकल्प भिंत फोडीत नाहीत, भिंतींना तडे पडतात ते प्रामुख्याने वड, पिंपळ यांसारख्या वृक्षांच्या मुळांनी. तथापि हरितांच्या पुंजक्यांत ओल व धूळ साठते, पृष्ठभाग हळूहळू झिजतो आणि अशा वृक्षांच्या बियांना रुजण्यास जागा मिळू शकते. म्हणून प्राचीन वास्तूंच्या जतनात त्या कोठे काढाव्यात व कोठे राहू द्याव्यात, हे दगड, गिलावा व ओल यांची तपासणी करूनच ठरवावे लागते. तारेच्या ब्रशाने सरसकट खरवडल्यास गिलाव्याची हानी होते आणि उरलेल्या तुकड्यांपासून हरिता पुन्हा वाढतात. ओल कोठून येते, ते शोधून थांबविणे हाच खरा उपाय होय.

हरितांच्या पुंजक्यांत चक्रधर, सूत्रकृमी, जलअस्वले यांसारखे सूक्ष्म प्राणी राहतात. मुळे नसल्यामुळे हरिता हवेतील व पावसातील द्रव्ये पृष्ठभागाने शोषून घेतात. या गुणाचा उपयोग करून स्वीडनमध्ये ओके रूलिंग व गेरमुंड ट्यूलर यांनी १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस हवेतून पडणाऱ्या जड धातूंचे मापन सुरू केले. पुढे यूरोपातील अनेक देशांत ते नियमितपणे होऊ लागले. कारखाने, वाहतूक व कचरा यांचा भार असलेल्या उपनगरांत अशा मापनाची उपयुक्तता उघड आहे. मात्र भिंतीवरील जाती आधारातूनही कॅल्शियम व इतर द्रव्ये घेतात, तसेच चुन्यामुळे पावसातील आम्लता निष्प्रभ होते. त्यामुळे भिंतीवर हायोफिला भरपूर आहे म्हणून हवा शुद्ध आहे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. तुलना करावयाची तर एकाच जातीची, सारख्या आधारावरील व एकाच ऋतूतील रोपटी घ्यावी लागतात.

संग्रह व नोंदी : मुंबई इलाख्यातील हरितांच्या आरंभीच्या संग्राहकांत एल. जे. सेजविक या सनदी अधिकाऱ्याचे नाव महत्त्वाचे आहे. त्यांचे नमुने इंग्लंडमधील एच. एन. डिक्सन यांनी तपासले. ब्रायोसेजविकिया या वंशाचे नाव सेजविक यांच्यावरून दिलेले आहे. जी. टी. दाभाडे यांचा खंडाळा व महाबळेश्वर येथील हरितांवरील ग्रंथ १९९८ मध्ये ठाणे येथे प्रसिद्ध झाला. घाटमाथ्यावरील ठिकाणांकडे अभ्यासकांचे लक्ष स्वाभाविकपणे अधिक वेधले गेले. शहरांतील भिंतींची नोंद ठेवणे त्या मानाने सोपे असूनही ते मागे राहिले.

हरितांचा नमुना जतन करण्यास विशेष साधने लागत नाहीत. सुरीने पुंजक्याचा लहानसा भाग आधारासह काढावा, शक्यतो बीजुकाशये किंवा मुकुलिका असलेला घ्यावा, सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवावा आणि पाकिटावर ठिकाण, आधाराचा प्रकार, उंची, तारीख व संग्राहकाचे नाव लिहावे. असा नमुना अनेक दशके टिकतो आणि पाण्यात टाकताच पाने पुन्हा उलगडून तपासणीस योग्य होतात. शंभर वर्षांपूर्वीच्या पाकिटातील हायोफिला आजच्या भिंतीवरील रोपट्याशेजारी ठेवून पाहता येते, ती त्यामुळेच. ज्या भिंतीवरून नमुना घेतला, ती भिंत पुढे पाडली गेली, तरी तेथे काय वाढत होते याचा पुरावा त्या पाकिटात शिल्लक राहतो.